पोच आणि पारख

तासगावच्या किंवा पलूसच्या बाजारात 'छाटणी' हा शब्द कोणी उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर द्राक्षाचा मांडव उभा राहतो. एप्रिलमधली खरड छाटणी, ऑक्टोबरमधली फळछाटणी, कात्री घेऊन ओळीओळीने सरकणारी मजुरांची टोळी, आणि काडीवर डोळे किती राखावयाचे याविषयी बागाईतदारांत रंगणारी चर्चा. वेलीच्या एकेका काडीवर इतका सूक्ष्म विचार करणारा हाच शेतकरी त्याच बागेच्या बांधावरील आंब्याकडे, चिंचेकडे किंवा कडुनिंबाकडे वळला, की मात्र त्याची सारी विद्या बांधाच्या अलीकडेच राहते. फांदी उसावर सावली धरते, तोडा. तारेला लागते, तोडा. वळवाच्या वाऱ्यात कौलांवर येईल असे वाटते, तोडा. कोठून तोडावयाची, केव्हा, कशाने, आणि तोडल्यानंतर त्या झाडाचे पुढील दहा-वीस वर्षांत काय होते, हे प्रश्न वेलीच्या बाबतीत जितके स्वाभाविक वाटतात तितके ते वृक्षाच्या बाबतीत कोणाच्या मनात येत नाहीत. पेट्रोलवर चालणाऱ्या लांब दांड्याच्या करवतीविषयीच्या या पुस्तकाची प्रस्तावना मी येथून आरंभितो, कारण हे यंत्र आमच्या सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत नेमके या रिकाम्या जागी येऊन दाखल झाले आहे.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. एका टोकाला पंचवीस ते पस्तीस सीसीच्या आसपासचे लहान टू-स्ट्रोक इंजिन. त्यापासून निघालेली ॲल्युमिनियमची पोकळ नळी व तिच्या पोटातून फिरणारा दांडा. दुसऱ्या टोकाला गती वळवून देणारी गिअरची पेटी, आणि तिच्यापुढे दहा-बारा इंची पट्टीवरून धावणारी दातेरी साखळी. सारे मिळून वजन सहा-आठ किलोंच्या घरात, आणि जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला चार-पाच मीटर उंचीवरची फांदी कापता येईल एवढी पोच. गावोगाव त्याला कोणी 'पोल सॉ' म्हणतो, कोणी 'लांब कटर', कोणी नुसतेच 'फांद्यांची मशीन'. नाव कोणतेही असो, झाडावर न चढता झाडाच्या अंगाला शस्त्र लावण्याची ही सोय आहे, आणि तिचे सारे गुण व सारे धोके या एका गोष्टीतून उत्पन्न होतात.

पूर्वी जो माणूस फांदी तोडीत असे तो झाडावर असे. कमरेला कोयता खोचून, कधी दोर बांधून, बहुधा न बांधता, तो ज्या फांदीवर पाय देई तिचा जिवंतपणा त्याला तळपायाने कळे. पोकळ फांदीचा आवाज, सालीखालची कुजट मऊ जागा, मुंग्यांची रांग, पक्ष्याचे घरटे, हे सारे त्याच्या हाताच्या अंतरावर असे. शिवाय प्रत्येक घावाला श्रम पडत आणि प्रत्येक चढण्यात जिवाची जोखीम असे, म्हणून तो जरुरीपुरतेच तोडी. नव्या यंत्राने ती जोखीम पुष्कळशी दूर केली, ही सामान्य गोष्ट नव्हे. झाडावरून पडून कायमचा जायबंदी झालेला माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या सुधारणेचे मोल सांगावे लागणार नाही. परंतु त्या जोखमीबरोबर एक लगामही सुटला. खाली उभे राहून, कानावर आवरण घालून, मिनिटाला हजारो फेरे फिरणारे इंजिन हाती धरलेल्या माणसाला मांडीएवढी फांदी मनगटाएवढीच सोपी वाटू लागते. पोच वाढली त्या मानाने पारख वाढली नाही, तर या यंत्राने झाडे वाचतील त्यापेक्षा अधिक मरतील, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या पुस्तकाचे महत्त्व मला वाटते ते याच कारणाने.

१९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. परंतु वृक्षांच्या दृष्टीने पाहिले तर हा मुलूख उत्तर-दक्षिण असा नसून पूर्व-पश्चिम असा विभागलेला आहे. पश्चिमेला जावळी, पाटण, शिराळा हे सह्याद्रीच्या कुशीतले अतिपावसाचे तालुके. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हा अवर्षणाचा पट्टा. मध्ये कृष्णाकाठची काळी, उसाने भरलेली जमीन. तिन्ही ठिकाणी झाडाला शस्त्र लावण्याची रीत निरनिराळी होती. डोंगरी भागात भाताच्या रोपासाठी राब भाजावयाचा, त्याकरिता झाडे सवळून, म्हणजे त्यांच्या फांद्या छाटून, टाहाळ आणीत. पूर्वेकडे धनगर लांब बांबूला बांधलेल्या आकडीने बाभळीच्या शेंगा व कवळा पाला शेळ्यामेंढ्यांपुढे पाडीत. आणि नदीकाठी बांधावरचे झाड म्हणजे भाऊबंदांच्या वाटणीतला एक कायमचा तंटा, ज्याची सावली ज्याच्या शेतात पडे तो ती छाटण्यास उत्सुक आणि ज्याच्या हद्दीत बुंधा तो हरकत घेण्यास उत्सुक. 'सवळणे' हा आमचा जुना, अर्थपूर्ण शब्द आज ऐकू येत नाही. लेखकांनी तो या पुस्तकात जागोजाग वापरला आहे, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

वृक्षाविषयीचा आदर या भूमीत नव्हता असे म्हणता येणार नाही. जावळी तालुक्यात, वैराटगडाच्या पायथ्याशी असलेल्या म्हसवे येथील वडाची मोजणी १८८२ साली झाली तेव्हा त्याचा घेर १५८७ फूट भरला होता; उत्तर-दक्षिण लांबी ५९५ फूट आणि पूर्व-पश्चिम रुंदी ४४२ फूट. एवढे झाड वाढते याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या पारंब्या जमिनीला पोचू दिल्या जातात, एवढाच होतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाची तरतूद सांगताना आंबा-फणसासारख्या रयतेच्या झाडांना हात लावू देऊ नये, ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, आणि एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे, असा स्पष्ट दंडक घातलेला आहे. अगदी अलीकडे, २०२० साली, सांगली जिल्ह्यातील भोसे येथील सुमारे चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड महामार्गाच्या आखणीत सापडला तेव्हा लोकांनी आवाज उठवला आणि त्याच्यासाठी रस्त्याची आखणी बदलण्याचा निर्णय झाला. आदर होता आणि आहे. उणीव आहे ती ज्ञानाची. झाड संपूर्ण तोडण्याविरुद्ध जे लोक रस्त्यावर येतात तेच लोक आपल्या दारातल्या झाडाचा शेंडा मोडून टाकण्यात काही वावगे मानीत नाहीत, आणि शेंडा मोडणे म्हणजे पुष्कळदा दहा वर्षांच्या मुदतीने केलेली तोडच असते.

माझ्या स्वतःच्या घरची एक हकीकत येथे नमूद करतो. वाळवे तालुक्यातील आमच्या मळ्यात विहिरीच्या थारोळ्याशी एक रायवळ आंबा होता. त्याची एक जाड फांदी मोटारीच्या खोलीवर आली होती, म्हणून एका अनुभवी समजल्या जाणाऱ्या माणसाकडून ती कापून घेतली. त्याने बांबूला बांधलेली करवत वरून चालवली. फांदी दोन-तृतीयांश कापली गेली असेल नसेल तोच आपल्याच भाराने मोडली, आणि जाताना खालची साल बुंध्यावरून हातभर सोलून घेऊन गेली. आम्ही शेण आणि माती लिंपली आणि निश्चिंत झालो. काही पावसाळ्यांनंतर त्या जागी ढोली झाली, ढोलीत पाणी साठू लागले, आणि एका वळवात ते झाड बुंध्यातून मोडून विहिरीवर पडले. दोष मी त्या माणसाला देत नाही. आधी खालून एक उथळ काप घ्यावा, मग थोडे पुढे सरकून वरून कापून फांदीचा भार उतरवावा, आणि उरलेला खुंट शेवटी योग्य जागी छाटावा, ही तीन कापांची साधी रीत आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. ती ठाऊक असती तर तो आंबा आजही फळला असता.

छाटणी ही वस्तुतः चिकित्सा आहे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात रोगी झाडाची चिकित्सा सांगताना प्रथम शस्त्राने शुद्धी करावी आणि मग वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा, असा क्रम दिलेला आहे. 'शस्त्र' हा तेथील शब्द वैद्याचा आहे, लाकूडतोड्याचा नव्हे. आणि विलक्षण योगायोग असा की, जिला आपण आज लाकूड कापण्याचे साधन समजतो ती साखळीची करवतही प्रथम शल्यवैद्याच्याच हातात जन्मली. १८३० साली जर्मनीतील वुर्त्सबुर्ग येथे बेर्नहार्ड हाइने याने हाड कापण्यासाठी हाताने फिरवावयाची, पट्टीभोवती दातेरी साखळी असलेली करवत तयार केली. वनात हे तत्त्व पोचावयास जवळजवळ एक शतक लागले. आंद्रेआस श्टील याने १९२६ साली विजेवर चालणारी आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत काढली. त्यांच्या दरम्यान, १९२७ साली, एमिल लेर्प याने थुरिंगियातील डोल्मार नावाच्या डोंगरावर आपली पेट्रोल-करवत चालवून दाखविली. या साऱ्या करवती दोन माणसांनी उचलावयाच्या, अवजड. एका माणसाला पेलेल असे श्टीलचे पेट्रोल-यंत्र १९५० साली आले.

परंतु यंत्र हलके होण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट साखळीच्या दातांत घडली. १९४६ साली अमेरिकेतील ऑरेगन प्रांतात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका ओंडक्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना निरखीत होता. ती अळी आपले जबडे डावी-उजवीकडे चालवून धाग्याच्या दिशेने आणि आडवेही सारख्याच सहजतेने कापते, हे त्याच्या ध्यानात आले, आणि तोच आकार त्याने पोलादी साखळीच्या आळीपाळीने डाव्या-उजव्या वळलेल्या दात्यांना दिला. आज सांगलीच्या दुकानात टांगलेली कोणतीही साखळी हातात घेतली तरी त्या अळीचे जबडेच आपण पाहत असतो. पुढे याच एकट्याने चालवावयाच्या करवतीने झाडाचे शरीरशास्त्रही उघडून दिले. अमेरिकन वनखात्यातील ॲलेक्स शायगो या संशोधकाने हजारो झाडे तिच्या साहाय्याने उभी चिरून आतून पाहिली आणि १९७७ साली आपला सिद्धांत मांडला: झाड जखम भरून काढीत नाही, ते जखमेला भिंती घालून कोंडून टाकते. माणसाची त्वचा जशी नव्याने येते तसे लाकूड नव्याने येत नाही; कुजलेला भाग आत तसाच राहतो आणि त्याच्याभोवती नवे निरोगी वलय वाढते. या कोंडण्याच्या कामी झाडाची सर्वांत बळकट जागा फांदीच्या बुडाशी असलेले फुगीर वलय ही होय. लेखकांनी तिला 'कंठ' हे नाव दिले आहे आणि ते मला फार समर्पक वाटते. बुंध्याला घासून फांदी कापली की कंठ जातो आणि भिंत घालणारे कोणी उरत नाही. लांब खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि कुजण्याला आत जाण्याची वाट देतो. कंठाच्या किंचित बाहेर, त्याला न दुखविता केलेला काप, एवढेच या विद्येचे सार आहे. मलमाविषयी मात्र शायगोंच्या परंपरेचा आणि आपल्या फळबागांच्या प्रथेचा मेळ बसत नाही. ते लेपांना निरुपयोगी ठरवतात, आपल्याकडे बोर्डो मलम लावण्याचा रिवाज आहे. लेखक येथे आपल्या पावसाचा व बुरशीचा विचार करून मलमाला पूर्णपणे बाद करीत नाहीत. मला हा मध्यम मार्ग पटतो, पण चुकीचा काप कोणत्याही मलमाने बरोबर होत नाही, हे त्यांचे विधान मला त्याहून अधिक पटते.

छाटणीचे म्हणून जे संप्रदाय आज दिसतात ते स्थूलमानाने तीन. पहिला सरपण-चाऱ्याचा, म्हणजे सवळण्याचा; शेवरी, सुबाभूळ, पांगारा यांसारखी पुन्हा फुटणारी झाडे ठरावीक उंचीवर वारंवार तोडीत राहणे. त्यात दोष नाही, कारण ती झाडे त्याच हेतूने लावलेली असतात. दोष आहे तो तीच रीत आंब्याला, वडाला व पिंपळाला लावण्यात. दुसरा फळबागेचा, झाडात ऊन व वारा खेळावा, फळ हाती यावे, म्हणून मधल्या फांद्या विरळ करणे, आणि जुन्या आंब्याचे पुनरुज्जीवन करणे. तिसरा वृक्षसंगोपनाचा, झाड दीर्घायुषी व निर्धोक राहावे यासाठी वाळलेली, रोगट, एकमेकींवर घासणारी आणि कमकुवत सांध्याची फांदी तेवढी काढणे. पुस्तकाचा कल तिसऱ्याकडे आहे आणि तो योग्य आहे, परंतु त्यातही लेखकांनी ज्या कामाला सर्वांत अधिक पाने दिली आहेत ते आमच्या आंब्यांचे खास दुखणे आहे: बांडगूळ. फुलटोच्यासारखे पक्षी त्याची चिकट बी फांदीवर टेकवतात, ती तेथेच रुजते आणि फांदीच्या लाकडात मूळ खुपसून तिचा रस शोषते. नुसता बांडगुळाचा झुपका ओरबाडून उपयोग नसतो, ते पुन्हा फुटते; जेथे ते चिकटले आहे त्याच्या खाली वीतभर निरोगी लाकडासकट फांदी कापावी लागते, आणि तीही त्याला फळे धरण्यापूर्वी. ही जागा बहुधा उंच, बारीक, माणसाचा भार न पेलणाऱ्या फांदीवर असते. लांब दांड्याच्या करवतीचे खरे क्षेत्र कोणते असे मला कोणी विचारले, तर मी निःशंकपणे हेच सांगेन.

इंजिन ही वस्तू या मुलखाला परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शंका शेतकऱ्यांनी घेतली होती. १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि दोन पिढ्यांत ती शंका मावळून तिच्या जागी ऑईल इंजिनाचा ठोका गावागावांत ऐकू येऊ लागला. इकडे सातारारोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने तेच कार्य केले. पुढे लूनासारख्या गाड्यांमुळे पेट्रोलमध्ये ऑईल घालून चालणारे टू-स्ट्रोक इंजिनही घराघरांत परिचित झाले. परंतु विहिरीवर पायाबंद बसविलेले इंजिन आणि खांद्यावर पट्ट्याने लटकवून डोक्यावर चालविलेले इंजिन यांत मोठे अंतर आहे, आणि जुन्या परिचयामुळे आलेला आत्मविश्वास येथे घातक ठरतो.

निवडीविषयी लेखकांचा पहिला प्रश्न हा आहे की हे यंत्र आपणांस हवे आहे काय. आणि पुष्कळांसाठी त्यांचे उत्तर नाही असे आहे. ज्याच्या बांधावर दहा झाडे आहेत त्याला बांबूवर बसविलेली उत्तम पोलादाची वाकडी हात-करवत पुरे. मनगटाएवढ्या फांदीपर्यंत ती यंत्राहून स्वच्छ काप देते आणि तिला पेट्रोल लागत नाही. बॅटरीवरील यंत्र अंगणासाठी व शाळेच्या आवारासाठी बरे. ते शांत व हलके असते, मात्र दिवसभराच्या कामाला दुसरी-तिसरी बॅटरी जवळ बाळगावी लागते. पेट्रोलचे यंत्र ग्रामपंचायतीने, बागाईतदारांच्या गटाने किंवा छाटणीचा व्यवसाय करणाऱ्या तरुणाने घ्यावे. घेताना इंजिनाच्या ताकदीपेक्षा तोल पाहावा, कारण टोकाकडील अर्धा किलो वजन हे चार मीटरच्या तरफेवर खांद्याला कित्येक पटींनी जाणवते. लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा सोयीचा असला तरी एकाच लांबीच्या दांड्याहून जड असतो. गवत कापण्याच्या यंत्रालाच करवतीचे जोडकाम लावून मिळते. ते स्वस्त पडते, परंतु जोडाची जागा सैल झाली की टोक थरथरते आणि काप फाटतो. आणि सर्वांत शेवटी, साखळीचा गाळा, जाडी आणि तिच्या आतील दात्यांची संख्या कागदावर लिहून घेऊन ती साखळी, पट्टी व प्लग आपल्या तालुक्याच्या गावी मिळतात की नाही याची खात्री यंत्राचे पैसे मोजण्यापूर्वी करावी. अनुदान मिळते म्हणून घेतलेली आणि एका साखळीअभावी गोठ्यात गंजत पडलेली यंत्रे मी अनेक पाहिली आहेत.

देखभालीचा भाग हा पुस्तकाचा गाभा आहे. लेखकांनी तो यंत्रशास्त्र म्हणून मांडलेला नाही. झाडाच्या आरोग्याचाच तो एक भाग म्हणून मांडला आहे, आणि या एका दृष्टीमुळे हे पुस्तक कारखान्याच्या माहितीपत्रकाहून वेगळे ठरते. बोथट साखळी लाकूड कापीत नाही, ती ते ओरबाडते. तिच्या कापावरचे तंतू विस्कटलेले राहतात, साल कडेला सुटते, आणि तेथे पाणी व बुरशी थांबते. साखळी बोथट झाल्याची खूण फार सोपी आहे: धारदार साखळीतून लाकडाच्या कपच्या उडतात, बोथट साखळीतून पिठासारखा भुसा पडतो. शिवाय लांब दांड्यावर जोर देता येत नाही. टोकाच्या स्वतःच्या वजनाने साखळी लाकडात शिरली पाहिजे, आणि शिरत नसेल तर काम थांबवून कानस काढावी. या लहान साखळ्यांना साधारणपणे चार मिलिमीटरची गोल कानस लागते, कोन तीस अंशांचा ठेवावा लागतो, प्रत्येक दात्याला सारखेच घाव घालावे लागतात, आणि दात्यापुढचा खोली ठरविणारा उंचवटा दात्याहून साधारण ०.६५ मिलिमीटर खाली आहे की नाही हे मापाने पाहावे लागते. साखळीचा ताण ती थंड असताना पाहावा. ती पट्टीला खालून चिकटलेली असावी, पण हाताने ओढली असता सहज सरकावी. साखळीला धार लावताना पट्टी दर वेळी उलटी करावी, म्हणजे झीज एकाच बाजूला होत नाही, आणि तिच्या खाचेतील भुसा काढावा, नाहीतर तेलाचे भोक बुजते. वडाचा चीक व बाभळीचा डिंक यांनी आमच्याकडे हे भोक इतके लवकर बुजते की दिवसातून दोनदा पाहणेही अधिक नव्हे. साखळीच्या टाकीत गाडीचे जळके ऑईल ओतण्याची सवय सर्वत्र आहे. ते पट्टीला तर खातेच, पण तोच काळा राडा झाडाच्या ताज्या जखमेवर उडतो.

इंधनाची चूक इंजिनाला एकाच दिवसात संपवते. यंत्राच्या पुस्तिकेत पन्नासास एक असे प्रमाण दिले असेल तर एक लिटर पेट्रोलला वीस मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑईल, पंचवीसास एक असेल तर चाळीस. नुसत्या पेट्रोलवर पिस्टन अडकतो आणि अधिक ऑईलने प्लग काळा पडतो. आज पंपावरील पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ज्या मळीतून ते निघते तो ऊस याच कृष्णाकाठी पिकतो, म्हणून त्याविषयी आम्हांला आपुलकी असावी हे योग्यच. परंतु इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते, आणि महिनोन्‌महिने टाकीत राहिलेले मिश्रण कार्ब्युरेटरमधील नाजूक पडदे कडक करून टाकते. यास्तव मिश्रण लागेल तेवढेच करावे, आणि हंगाम संपताच टाकी रिकामी करून, इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवून मगच यंत्र ठेवावे. गिअरच्या पेटीतील ग्रीस आणि हवेची गाळणी या दोन गोष्टींचा विसर सर्वांनाच पडतो. माण आणि जतच्या धुळीत गाळणी रोज झटकावी लागते, जावळीच्या ओल्या हवेत आठवड्याने चालेल.

धोक्याच्या बाबतीत लेखक कोठेही भीड ठेवीत नाहीत, आणि मीही ठेवणार नाही. या यंत्राचा दांडा धातूचा आहे. त्याला विजेपासून कोणतेही संरक्षण नाही. आमच्या शेतांवरून ११ केव्हीच्या तारा गेलेल्या आहेत आणि पुष्कळदा फांदी तोडण्याचे कारणच ती तारेला लागते हे असते. अशी फांदी शेतकऱ्याने स्वतः तोडू नये; वीजवितरण कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा, आणि तो बंद झाला याची खातरजमा झाल्यावाचून यंत्र हाती घेऊ नये. तारेपासून व इतर माणसांपासून किमान १५ मीटर अंतर, दांडा जमिनीशी साठ अंशांहून अधिक उभा नाही, फांदीच्या नेमके खाली कोणी नाही, शिडीवर उभे राहून काम नाही, डोक्याला शिरस्त्राण, डोळ्यांना चष्मा: या अटी ज्याला जाचक वाटतात त्याने हे यंत्र घेऊ नये.

कायद्याचाही एक शब्द सांगितला पाहिजे. महाराष्ट्रात झाडे तोडण्याच्या नियमनाचा कायदा १९६४ सालचा आहे व नागरी भागातील वृक्षसंरक्षणाचा १९७५ सालचा. आंबा, चिंच, जांभूळ, साग, हिरडा यांसारखी झाडे आपल्या मालकीच्या जमिनीत असली तरी परवान्यावाचून तोडता येत नाहीत, आणि नगरपालिकेच्या हद्दीत वृक्ष अधिकाऱ्याकडे रीतसर अर्ज करावा लागतो. छाटणीच्या नावाखाली झाड नष्ट करण्याची पळवाट ज्यांना हवी असेल त्यांना या पुस्तकात काहीही मिळणार नाही.

हे पुस्तक आताच का हवे होते, याचे उत्तर आमच्या टेकड्यांवर आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या परिश्रमाने उजाड डोंगरावर सागरेश्वरचे अरण्य उभे राहिले. सामाजिक वनीकरणाच्या काळात रस्त्यांच्या कडेला रांगा लागल्या. सह्याद्री देवराईसारख्या उपक्रमांनी गावोगाव रोपे लावली. लावणाऱ्यांची पिढी मोठी झाली, आणि तिने लावलेली झाडे आता त्या वयाला आली आहेत की ज्या वयात त्यांची रचना ठरते. दोन शेंड्यांपैकी एक राखावयाचा की दोन्ही, हा निर्णय पाचव्या-सातव्या वर्षी घेतला तर अंगठ्याएवढी फांदी काढून भागते. तोच विसाव्या वर्षी घेतला तर झाडाचे अर्धे अंग काढावे लागते. दुसरीकडे झाडावर चढणारी माणसे कमी होत चालली आहेत आणि बाजारात स्वस्त यंत्रांची भर पडत आहे. या दोहोंच्या मध्ये जे काही शिकवावयाचे ते शिकवण्याचा प्रयत्न मराठीत, आमच्या झाडांची नावे घेऊन आणि आमच्या ऋतूंचे गणित धरून, येथे झाला आहे. लेखक कोणत्याही कंपनीची शिफारस करीत नाहीत. आकृत्या त्यांनी स्वतः झाडाखाली बसून काढल्या आहेत, हे त्या पाहताच कळते. उणीव दाखवावयाचीच तर ती एवढी की नारळ व ताड यांच्याविषयी त्यांनी फारच थोडक्यात आवरते घेतले आहे.

वाचकाला माझी एक विनंती आहे. पुस्तक वाचून होताच यंत्र पाहण्यास बाजारात जाऊ नये. प्रथम आपल्या बांधावरील एखाद्या जुन्या झाडाखाली सकाळच्या उजेडात जावे, हाताला येईल अशी एक फांदी धरून तिच्या बुडाशी असलेला कंठ बोटांनी चाचपून पाहावा, आणि मग पूर्वी कोणीतरी तोडलेल्या फांदीची जागा त्याच झाडावर शोधून ती भरली आहे की पोकळ झाली आहे हे पाहावे.